उसनं वजन

झोम्बाच्या डोंगराखाली, कचेरीच्या तिसऱ्या खोलीत
पंखा, मी, आणि सहाशे बारा माणसं
ओळीनं उभी.
रकाने: वय. हिमोग्लोबिन. कुठली गोळी, जुनी की नवी.
दवाखाना घरापासून किती लांब.
वजन.
वजनाच्या रकान्यात भोकं,
उंदरांनी पोतं कुरतडावं तशी.

एकशे एकोणचाळीस.

मार्चभर काचुलुच्या दवाखान्यातल्या काट्याचे सेल संपलेले,
तियामिके सांगते. ती तिथली नर्स.
नोंदवहीत तिनं प्रत्येक ठिकाणी रेघ मारली आहे, पट्टी लावून.
मी फोनवर म्हणालो, डोळ्यांनी अंदाज तरी घ्यायचास.
ती म्हणाली, अंदाज तुझं काम, वातिपासो.
माझं काम रेघ.

पहिल्या नोकरीत मी सरासरी भरायचो.
ज्याचा आकडा नाही त्याला चोपन्न किलो सहाशे.
एकाच मापाचा गणवेश,
कुणाला ढगळ, कुणाच्या काखेत काचणारा,
आणि निष्कर्षाला मात्र कडक इस्त्री.

आता तसं करत नाही.
आता आधी बी पेरतो, चार आकडी एक संख्या,
म्हणजे उद्या पुन्हा चालवलं तरी हेच उगवावं.
मग यंत्र दारोदार जातं.
ओळ दोनशे चौदा: पुरुष, एकोणचाळीस, रक्त कमी.
त्याच्यासारखे पाच जण हुडकतं
आणि त्यातल्या एकाचं वजन उसनं आणतं.
एकोणपन्नास.
पुन्हा जातं. त्रेपन्न.
पुन्हा. सत्तेचाळीस. परत एकोणपन्नास.
असं वीस वेळा. वीस तक्ते,
आणि प्रत्येकात तो जरासा वेगळा माणूस.

मोजलेली माणसं विसांतही जागच्या जागी.
हलतात त्या फक्त रेघा.
ते हलणं मी पुसत नाही. जेवढं हललं
तेवढं आम्हाला ठाऊक नाही,
आणि शेवटच्या मिळवणीत
हे ठाऊक नसणंही मिळवावं लागतं,
नाहीतर हिशेब खोटा.

शुक्रवारी ती मिनीबसनं आली,
नोंदवह्या चितेंजेत बांधून, मांडीवर मातेम्बाची पिशवी.
साऱ्या खोलीला सुक्या मासळीचा वास.
पडद्यावर दोनशे चौदा बघून थांबली.
हा काट्यामुळे नाही, म्हणाली.
काटा एप्रिलात सुरू झाला. हा मेमधला.
हा सरोवरात होता, गवतावरच्या तरंगत्या झोपडीत.
गोळ्या न्यायला भाऊ आला, वल्ही खांद्यावर घेऊन.
याला उभं राहवत नव्हतं.

मग माझ्याकडे बघत:
तुझी ती पाच माणसं
दवाखान्यात चालत आली होती ना?

मी काही बोललो नाही. पंखा बोलत होता.

तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या. एकतीस.
त्यातले बावीस नव्या गोळीचे.
हे तिनं मोजलं नाही. मी मोजलं, दोनदा.

त्या एकतिसांच्या उसन्या वजनातून
मी दोन किलो काढले, आणि सगळं पुन्हा चालवलं.
चार काढले.
'नव्या गोळीनं वजन वाढतं' हे वाक्य
दोनला उभं होतं, चारला लडबडलं,
सहाला खाली बसलं.
मग तिन्ही लिहिले, एकाखाली एक.
वरच्या साहेबांना एकच आकडा हवा होता;
त्यांना सोमवारी सांगेन.

खरं किती असेल रे त्याचं, तिनं विचारलं.
माहीत नाही.
भावाला विचारलं तर?
भाऊ म्हणेल, उचलला तेव्हा हलका लागला.

जाताना तिनं खर्चाचा फॉर्म पुढे केला.
काट्याचे सेल तिनं पदरचे पैसे घालून बाजारातून आणले होते.
पावती हरवली. तीन हजार क्वाचा होते की चार, आठवेना.
काय लिहू, म्हणाली.

दोन्ही लिही, मी म्हणालो.